मदत हवी आहे : ताईला एमएस, त्यात डिप्रेशन. पुण्यात कोणाला दाखवावं?

वैतागलेला_भाऊ :
ताईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे. दिवाळीपासून गप्प गप्प असते. पानात टाकून उठते, लेकीच्या वह्या बघणंही सोडलंय. न्यूरो म्हणाले, 'या आजारात असं होतंच', आणि गोळी दिली. काडीचा फरक नाही. चांगला सायकियाट्रिस्ट सुचवा. 'सकारात्मक राहा' कृपया नको.

मुलुंडकर :
कोणती गोळी? किती मिग्रॅ? एमएससाठी काय चालू आहे? काहीच न सांगता आम्ही काय डोंबल सांगणार?

वैतागलेला_भाऊ :
अमिट्रिप्टिलीन १०, रात्री. दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन. फाईल तिच्या घरी आहे.

सुलभा_के :
मला स्वतःला एमएस आहे. १० ची ती गोळी बहुधा पायांच्या जळजळीसाठी किंवा झोपेसाठी असणार, डिप्रेशनला एवढ्याने भागत नाही. मला सर्ट्रालीन दिली, जोडीला सीबीटी (विचारांची-वागण्याची वळणं बदलायला शिकवणारं समुपदेशन). फरक जाणवायला चार-सहा आठवडे गेले. इंटरफेरॉनच्या माहितीपत्रकातही डिप्रेशनचा इशारा असतो, तेवढं न्यूरोंना विचारा. मात्र इंजेक्शन परस्पर बंद करू नका.

योगप्रेमी :
गोळ्या कशाला? अनुलोम-विलोम आणि अश्वगंधा. माझ्या साडूची पाठदुखी गेली.

तिरकस :
पाठदुखी?? धागा कशाचा, साडू कुणाचा! एमएसमध्ये प्रतिकारशक्तीच उलटलेली असते, ती वाढवणाऱ्या चुर्णांचे सल्ले कसले देताय?

योगप्रेमी :
प्राणायामाने कुणाचं वाईट झालंय ते सांगा.

तिरकस :
प्राणायामाला कोण नको म्हणतंय? व्यायामाने मदत होतेच. चूर्णाचं बोला.

रिकामटेकडा :
२०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं का?

वैतागलेला_भाऊ :
अहो, कार्डाचं कोण विचारतंय!

मुलुंडकर :
भांडणं नंतर. भाऊ, ताई 'जगून काय करू' असं काही बोलते का? सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर एकटी ठेवू नका, आजच दाखवा. रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

वैतागलेला_भाऊ :
परवा म्हणाली, 'तुम्हाला नुसतं माझं ओझं'. मला वाटलं थकलीये. निघतोच तिच्याकडे. नाव व्यनि (खाजगी निरोप) करा कुणीतरी.

सुलभा_के :
केलाय. थकवा कुठला आणि डिप्रेशन कुठलं, आमचं आम्हालाही कळत नाही. फाईल न्या, स्टेरॉईडची सलाईन शेवटची कधी लागली तेही सांगा. त्यानेही मूड फिरतो.