डाख, झाळ की वेल्डिंग? एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सांध्याला मराठीत काय म्हणायचं

औंधहून
नमस्कार. रेफ्रिजरेशन शिकणाऱ्या मुलांसाठी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (थंड करणाऱ्या यंत्रात द्रवरूप गॅसचा दाब एकदम उतरवणारी झडप) बदलण्याची कृती मराठीत लिहिते आहे आणि एका क्रियापदावर अडले आहे. व्हॉल्व्हच्या कॅटलॉगात टोकांसमोर 'सोल्डर' छापलेलं असतं, बसवण्याच्या सूचनांत 'ब्रेझिंग' असतं आणि वर्गातली मुलं सरसकट 'वेल्डिंग' म्हणतात. माझ्या आजोळी गळक्या घागरीला 'डाख लावून आणली' म्हणत, त्यामुळे मला डाख जवळचा वाटतो. तो इथे चालेल का? नसेल तर कोणता शब्द घ्यावा?

सहकारनगरहून
कल्हई म्हटलं तर? तांब्यापितळेशी जोडलेला तोच शब्द सगळ्यांना ठाऊक आहे.

कसबा पेठेतून
कल्हई नको. कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा हात. तिथे नवसागर आणि कथील असतं, पण दोन तुकडे सांधणं नसतं.

आमचं घर तांबट आळीजवळ, त्यामुळे हे शब्द कानावर पडतच वाढलो. डाख हे आधी पदार्थाचं नाव आहे, क्रियेचं नंतर. सांध्यात जो वितळून बसतो तो डाख. म्हणून 'डाख देणे', 'डाख निघाला', 'डाखाची घागर'. झाळणे मात्र क्रियाच आहे, आणि ती झाळ या शब्दातून आली. मूळ संस्कृत ज्वाला. उन्हाची झळ म्हणतो तेच घराणं. म्हणजे डाखात भर जोडणाऱ्या धातूवर आहे आणि झाळण्यात आचेवर.

कारागिराच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, ते खरं. पण पुस्तकी मराठीनं त्यांची वाटणी करून ठेवली आहे आणि मला ती पटते: सोल्डरिंगला डाखकाम, ब्रेझिंगला झाळकाम, वेल्डिंगला वितळजोडकाम. शेवटचा शब्द लांबलचक आहे, पण त्यात खरा फरक सांगितलेला आहे. वेल्डिंगमध्ये जोडायचे तुकडे स्वतः वितळतात. डाखात आणि झाळण्यात ते वितळत नाहीत, मधला धातूच वितळतो.

हडपसरहून
कसब्यातल्या दादांनी सांगितलेला फरक आमच्या कामात फार महत्त्वाचा आहे. मी कोल्ड रूमची कामं करतो, या धंद्यात तीस वर्षं होत आली.

ताई, डाखकाम आणि झाळकाम यांच्यातली रेघ ४५० अंश सेल्सिअसची. भरायचा धातू त्याच्या खाली वितळत असेल तर डाख, वर वितळत असेल तर झाळ. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ रेडिओवाले वापरतात ती ६० टक्के कथील, ४० टक्के शिशाची तार १९० अंशांच्या आत वितळते, तो डाख. आम्ही तांब्याला तांबं जोडताना तांबं-फॉस्फरसचा रॉड वापरतो, कधी त्यात १५ टक्के चांदी असते. तो ६४० अंशांच्या वरच पाघळू लागतो. तांबं स्वतः १,०८५ अंशांना वितळतं, म्हणजे नळी शाबूत राहते. कॅटलॉगातल्या 'सोल्डर'चा अर्थ एवढाच, की टोक आट्याचं नाही, नळी आत सरकवून सांधायची आहे.

'वेल्डिंग' या शब्दानं माझं नुकसान केलेलं आहे. एका नव्या मुलाला मी सवयीनं म्हणालो, 'व्हॉल्व्हला वेल्डिंग मार.' त्यानं आधी वेल्डिंगच्या दुकानात काम केलं होतं. सांधा वितळवायचाच असतो असं समजून त्यानं ज्योत एका जागी धरून ठेवली. नळीला भोक पडलं आणि व्हॉल्व्हच्या आतलं सील करपलं. चूक त्या पोराची नव्हती, मी शब्द चुकीचा दिला होता. तेव्हापासून मी 'झाळायचं' असंच म्हणतो.

झाळताना व्हॉल्व्हच्या अंगाला ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. आतले भाग सुटे होत असतील तर आधी काढून ठेवायचे. ज्योतीचं तोंड व्हॉल्व्हपासून दूर. सांधा सगळीकडून सारखा तापवायचा, तांबं मंद लाल दिसू लागलं की रॉड सांध्याला टेकवायचा. रॉड ज्योतीनं नव्हे, तापलेल्या तांब्यानं वितळला पाहिजे. मग तो फटीत आपोआप ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असली की पुरते. व्हॉल्व्हचा बल्ब, म्हणजे नळीचं तापमान ओळखणारी त्याची छोटी कुपी, तर झाळायचाच नाही. सगळं थंड झाल्यावर तो सक्शनच्या, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या, नळीला पट्टीनं बांधायचा.

फ्लक्सचंही लिहा, म्हणजे धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणाऱ्या पदार्थाचं. तांब्याला तांबं असेल तर फॉस्फरसच ते काम करतो. टोक पितळी असेल तर चांदीचा रॉड आणि फ्लक्स लागतो. आमच्या आधीचे लोक त्याला सुहागा किंवा टाकणखार म्हणत. स्टीलला फॉस्फरसचा रॉड कधीच लावू नये, सांधा ठिसूळ होतो.

लक्ष्मी रोडवरून
सराफी कामातली एक गोष्ट. 'केडीएम' दागिना म्हणतात तो ज्या डाखावरून, त्यात कॅडमियम असायचं. डाख सहज पळायचा, पण त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करतो, म्हणून तो मागे पडला. चांदीच्या काही रॉडमध्येही कॅडमियम असतं. मुलांना पाकिटावरचं नाव वाचून बिनकॅडमियमचा रॉड घ्यायला नक्की सांगा.

औंधहून
सगळ्यांचे मनापासून आभार. आता 'झाळणे' पक्कं. दादा, अजून एक वाक्य बघता का? 'झाळताना नळीतून नायट्रोजन सोडावा, म्हणजे आत काजळी धरत नाही.'

हडपसरहून
काजळी नको, ताई. काजळी म्हणजे ज्योतीची, कंदिलाच्या काचेवर बसते ती. ती बाहेरून असते आणि फडक्यानं पुसली जाते. नळीच्या आत जे काळं धरतं ते तापलेल्या तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन झालेलं ऑक्साइड. त्याचे पापुद्रे सुटतात आणि गॅसबरोबर वाहत जाऊन नव्या व्हॉल्व्हच्या जाळीत अडकतात. मुलांनी 'काजळी' वाचलं तर ज्योत बारीक केली की भागलं असं समजतील आणि नायट्रोजन सोडणारच नाहीत. 'काळा पापुद्रा' लिहा. नायट्रोजन हळू सोडायचा, गालाला जेमतेम जाणवेल इतका, आणि नळीचं दुसरं टोक उघडं ठेवायचं. जोर जास्त झाला तर वितळलेला धातू सांध्यातून बाहेर फेकला जातो.

त्याच्याही आधी एक पायरी घाला: जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही. आर-२२ हा गॅस ज्योतीत जळला तर फॉस्जीनसारखी विषारी वाफ होते, आणि घरगुती फ्रिजमधला आर-६००ए तर ज्योत लागताच पेट घेतो.

कसबा पेठेतून
पापुद्रा चांगला शब्द. ताई, वाक्य असं करून बघा: 'झाळताना नळीतून नायट्रोजन हळू वाहता ठेवावा, म्हणजे आत काळा पापुद्रा धरत नाही.'

औंधहून
हेच घेते.