मदत हवी आहे: चांदीच्या क्लेमध्ये काच बसवताना तडकते

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायांना दागिने शिकवतो. जोडीला गावातले सोनारकाका आहेत. तार ओढणं, टाकणखार लावून डाख देणं त्यांच्याकडे. माझ्याकडे सिल्व्हर क्ले (चांदीची बारीक पूड मळलेला मातीसारखा गोळा, भाजला की नुसती चांदी उरते) आणि काचेचे मणी.

नुसत्या क्लेची छोटी पदकं गॅस टॉर्चवर छान भाजली जातात. काचमणी आत दाबून भाजला की घोटाळा. क्ले आकसते, काच आकसत नाही, आणि टॉर्चची आंच एकाच जागी लागते. भाजताना वाचलेला मणी थंड होताना टिचकन तडकतो. गरम राखेत पुरून पाहिलं, थोडा फरक पडला. टॉर्च लांब धरला तर क्ले कच्ची राहते. मणी साध्या सोडा काचेचे, उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचे नाहीत.

भट्टी घ्या म्हणाल, पण लाईन सिंगल फेज, तीही दुपारी जाते. शिवाय गटाचं बजेट वीस हजारांच्या आत. काका म्हणतात, आधी चांदी भाजा, मग घर (काचेभोवती वळवलेली चांदीच्या पट्टीची कड) करून काच बसवा. मलाही ते पटतं, पण नवशिक्यांना घराची पट्टी वळवणं जड जातं.

तर विचारायचं हे: सिंगल फेजवर चालणारी, या बजेटमधली, ६५० अंश अर्धा तास स्थिर धरून पुढे हळूहळू थंड करता येईल अशी छोटी भट्टी कोणी वापरली आहे का? आणि मध्येच लाईन गेली तर आतल्या काचेचं काय होतं?