व्हेनिसचा कार्निव्हल २०२७: मुखवटा, चष्मा आणि गर्दी

लिंबोणी
२०२७चा व्हेनिस कार्निव्हल गाठायचा बेत आहे. दोघं जण, हातात जेमतेम तीन-चार दिवस. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार पकडावा का? मेस्त्रेला (समोरच्या मुख्य भूमीवरच्या भागात) हॉटेलं बरीच स्वस्त दिसतात, तिथून रोज ये-जा जमेल का? मुखवटा घालूनच फिरायचं आहे, पण दोघांनाही चष्मा आहे. आणि राजवाड्यांतल्या त्या बॉलचं, म्हणजे नृत्यसोहळ्याचं तिकीट काढण्यात अर्थ आहे का?

पाणवठा
शेवटचा मंगळवार ९ फेब्रुवारीला येतो. ईस्टरच्या ४७ दिवस आधी, दरवर्षी हाच हिशोब. मंगळवार जरूर पकडा, पण त्याआधीचे शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांचे लोंढे असतात. गर्दी हाताबाहेर जायला लागली की पोलिस सान मार्कोचा मुख्य चौक आणि रिआल्तो पुलाच्या मधल्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठीही एकेरी करतात. मग दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास गेला तरी नवल नाही. रविवारी संध्याकाळी, लोंढा स्टेशनकडे परतत असताना पोचा आणि बुधवारी सकाळी निघा.

मेस्त्रेहून व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे. अडचण प्रवासाची नाही, वेळेची आहे. सगळ्यात देखणे पोशाख सूर्योदयाला, म्हणजे सव्वासातच्या आसपास, सान मार्कोच्या धक्क्यावर असतात. काही जण समोरच्या सान जॉर्जो बेटावर जातात (सान झकारियाहून २ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे प्रवासी बोट, एकच थांबा). दहा वाजले की उरते ती नुसती धक्काबुक्की. मेस्त्रेहून ही वेळ साधायची तर अंधारात निघावं लागतं, आणि दुपारी मुखवटा-झगा टाकून जरा पाठ टेकायला जागा नसते. शहरातच राहा. सान मार्को परवडत नसेल तर कान्नारेज्जो किंवा कास्तेल्लो हे भाग पाहा.

स्टेशनवरून सान मार्कोला जाताना रिआल्तोच्या पाट्यांमागे जाऊ नका. स्काल्झी पूल ओलांडून कांपो सांता मार्गेरिता आणि तिथून आक्कादेमिया पूल धरा. वाट थोडी लांबची, पण पाय चालते राहतात. वापोरेत्तोचं ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरोला पडतं, त्यामुळे दिवसातून तीनदा बसणार असाल तर २४ तासांचा पासच घ्या.

लगदा
मुखवट्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

पूल-नाक्यांवरच्या ठेल्यांवर मिळतात ते प्लॅस्टिकचे. खरा मुखवटा कार्तापेस्ताचा, म्हणजे कागदाचा. गोंदात भिजवलेले कागदाचे तुकडे प्लास्टरच्या साच्यात आतून दाबून बसवतात. वाळल्यावर कवच काढून पांढरा लेप देतात, घासतात, डोळे कापतात आणि मग रंगवतात. ओळखायचा तर आतली बाजू पाहा: कागदाचे तुकडे एकमेकांवर चढलेले दिसतात, कडा किंचित वेड्यावाकड्या असतात. आतून गुळगुळीत आणि कडेला साच्याची रेघ असेल तर प्लॅस्टिक. चिनीमातीचे मुखवटे निव्वळ भिंतीवर टांगायचे, चेहऱ्यावर नव्हेत. कारागीर मात्र जुने: व्हेनिसच्या मुखवटेकारांना १४३६ सालीच स्वतःची नियमावली मिळाली होती.

आता प्रकार.

बाउता पांढरा, खालून पुढे आलेला. तोंडापाशी मोकळी जागा असल्याने तो न काढता खाता-पिता आणि बोलता येतं, आवाज मात्र बदलतो. त्यावर त्रिकोणी टोपी आणि काळा झगा आला की पोशाख पुरा. दिवसभर घालायला हाच.

कोलोंबिना अर्धाच चेहरा झाकतो, पण चष्म्याची फ्रेम नाकावर दाबतो. चोचीचा प्लेग-डॉक्टर फोटोत झकास, गर्दीत त्रास: चोच पुढच्याच्या पाठीला लागते आणि मुखवटा तिरका होतो. मोरेत्ता दातांत बटण धरून घालायचा, म्हणजे बोलणंच बंद. तो विसरा.

चष्म्यासाठी कपाळ आणि गालांच्या हाडांवर आतून सेंटीमीटरभर जाडीच्या फोमच्या पट्ट्या चिकटवतात. फ्रेमला जागा मिळते आणि वाफ थोडी कमी धरते. पण मुखवटा डोळ्यांपासून जितका लांब, तितकं दिसणं आक्रसतं, आणि व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात. दुकानात मुखवटा बांधा आणि मान न वाकवता स्वतःचे बूट दिसतात का पाहा. दिसत नसतील तर तो चालायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स जमत असतील तर प्रश्नच मिटला. नाहीतर दांडीचा, हातात धरायचा मुखवटा. इलॅस्टिकपेक्षा रिबीन बरी, टोपीखालून घसरत नाही. श्वासाच्या दमटपणाने कागद आतून मऊ पडतो, म्हणून रात्री उताणा ठेवून वाळू द्या. हीटरवर ठेवलात तर वाकडा होईल.

पोलिसांनी किंवा संग्रहालयाच्या दारात मुखवटा काढायला सांगितलं तर निमूट काढायचा.

झुंबर
बॉलबद्दल: तिकिटं कित्येकशे युरोंची असतात आणि नुसता मुखवटा चालत नाही, पूर्ण ऐतिहासिक पोशाख लागतो. तो भाड्याने घ्यायचा तर खर्च वेगळा, अनामत वेगळी, शिवाय मापासाठी वेळ आधी ठरवावी लागते. रविवारी रात्री पोचून हे जुळवणं अवघडच. चौकातला कार्निव्हल फुकट आहे आणि माझ्या मते जास्त रंगतदार.

धक्क्यावरची पोशाखातली मंडळी हौशी असतात, पैसे द्यायचे नसतात. ती बोलत नाहीत. कॅमेरा दाखवून मान झुकवा, तीही झुकली की फोटो काढा, नंतर पुन्हा मान झुकवून बाजूला व्हा. कापडाला हात लावू नका, पिसं आणि मोती नुसते टाचलेले असतात.

लिंबोणी
बाउता नक्की! त्या दिवसांत पाणी चढलं तर?

पाणवठा
भरती अडवणारे मोझे प्रकल्पाचे दरवाजे २०२० पासून चालू आहेत, पण ते साधारण ११० सेंटीमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तेव्हा उचलतात. सान मार्कोचा चौक मात्र ८०-८५ सेंटीमीटरलाच ओला व्हायला लागतो. म्हणजे शहर कोरडं आणि नेमका तोच चौक घोट्याएवढ्या पाण्यात, असं होतं. आदल्या रात्री महापालिकेचा भरतीचा अंदाज बघा, भरती ओसरायला काही तास लागतात. झगा पोटरीपर्यंतचाच घ्या. जमिनीला टेकणारा पाणी शोषून इतका जड होतो की गळ्यापाशी ओढ बसते.