नोटिशीचे दिवस नीट मोजा
घर-जमिनीच्या व्यवहारात घेणाऱ्याने ठरल्या तारखेला पैसे दिले नाहीत की सेलर 'आता इतक्या दिवसांत व्यवहार पूर्ण कर' अशी नोटीस देतो. वर कोणीतरी म्हटलंय की त्या नोटिशीची मुदत संपायच्या एक दिवस आधी सेलरने करार कॅन्सल केला तर काय बिघडतं, घेणारा तसाही पैसे देऊ शकत नव्हता. नाही हो, इंग्लंडमधे तिथेच सेलर अडकतो. नेहमीच्या कंडिशन्सनुसार नोटीस दिल्यावर १० वर्किंग डेज, आणि नोटिशीचा दिवस धरायचा नाही. म्हणजे सोमवारी नोटीस दिली तर मोजणी मंगळवारपासून, मधे बँक हॉलिडे नसेल तर दहावा दिवस येतो बरोबर दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी, आणि सेलरने त्याच सकाळी घाईघाईत 'करार संपला, डिपॉझिट जप्त' असं पत्र धाडलं की करार मोडल्याचा ठपका उलट त्याच्यावरच यायची वेळ, मग घेणारा करारावेळी दिलेलं १० टक्के डिपॉझिट परत मागणार, वर नुकसानभरपाई.

पण प्रत्येक चूक म्हणजे करारभंग असंही नाही बरं का. १९८० ची वुडार विरुद्ध विम्पी केस, सरेमधल्या कोभमची १४ एकर जमीन, भाव पडल्यावर घेणाऱ्या विम्पी कंपनीने एका कलमाचा चुकीचा अर्थ लावून करार रद्द केला, तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ३-२ ने म्हटलं की कराराच्याच कलमावर प्रामाणिकपणे बोट ठेवलं होतं, म्हणून करार झुगारला असं होत नाही. मला स्वतःला ते दोन विरोधी जजच जास्त पटतात.