कुकीजमधून जॅम बाहेर येतो, मदत हवी आहे

गोडघाशी:
नाताळसाठी जॅम भरलेल्या अर्धगोल कुकीज करायच्या आहेत. प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, एक अंडं, बेकिंग पावडर १ टीस्पून. ७ सेंमीच्या चकत्या, प्रत्येकीत टीस्पूनभर विकतचा स्ट्रॉबेरी जॅम, दुमडून कडा काट्याने दाबायच्या. १८० अंशांवर १५ मिनिटं. निम्म्या कुकीज उकलतात, जॅम ट्रेवर जळतो. उरलेल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. जॅममध्ये कॉर्नफ्लोअर घालू का?

पोळपाट_लाटणं:
आधी बेकिंग पावडर काढा. ती पीठ फुगवते आणि दाबलेली कड तिथूनच सुटते. अख्ख्या अंड्याऐवजी फक्त बलक घ्या, पांढरा कडांना लावायला ठेवा. साखर ८० ग्रॅम पुरे, सारण गोडच असतं.

पीठ मळलं की चपटं करून तासभर फ्रीजमध्ये. ३ ते ४ मिमी जाड लाटा. पातळ लाटलं तर घडीवर चिरतं. लाटताना भुरभुरवलेला मैदा कडांवर राहिला तर कड चिकटतच नाही, ब्रशने झटका. सारण अर्धा टीस्पून, कडेला चांगली १ सेंमी जागा मोकळी. वर सुरीने एक बारीक चीर द्या, वाफेला वाट मिळते. मग ट्रेसकट २० मिनिटं पुन्हा फ्रीज. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि दोष ओव्हनला देतात.

मुरंबा:
कॉर्नफ्लोअर गार जॅममध्ये नुसतं कालवू नका, कच्चट लागतं. ते जवळजवळ उकळी आल्यावरच आवळतं. विकतचा जॅम तापला की पुन्हा पातळ होतो, म्हणून आधीच आटवायचा: मंद आचेवर ५-७ मिनिटं, लाकडी चमचा ओढला की तळ दिसून क्षणभर तसाच राहिला पाहिजे. गार बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करा. ओघळला नाही तर झाला. त्यापुढे आटवलात तर गार झाल्यावर दाताला चिकटेल. पूर्ण गार करूनच भरा, कोमट जॅमनेसुद्धा बटर वितळतं.

खरं सांगायचं तर जॅमपेक्षा सुक्या फळांचं सारण भरवशाचं. १५० ग्रॅम खजूर, जर्दाळू किंवा अंजीर बारीक चिरून १२० मिली संत्र्याच्या रसात मऊ शिजवा, भरड वाटा, पुन्हा आटवा. फळाचा गर पाणी धरून ठेवतो, वाहत नाही. ताजं सफरचंद किंवा बेरी वापरणार असाल तर मात्र कॉर्नफ्लोअर हवंच: २०० ग्रॅम फळाला २ टीस्पून, गार पाण्यात कालवून, मिश्रण पारदर्शक होईपर्यंत शिजवून. लिंबाचा रस आच बंद केल्यावर घाला, आंबटात उकळत राहिलं की दाटपणा मोडतो.

गोडघाशी:
काही बिनअंड्याच्या हव्यात. आणि आठवडाभर आधी करून ठेवता येतील?

पोळपाट_लाटणं:
बलकाऐवजी १ ते २ टेबलस्पून थंड दूध, पीठ गोळा होईल इतपतच. कडांना पाणी लावा. कुकी थोडी जास्त ठिसूळ होते, एवढंच.

भाजून ठेवू नका. सारणातलं पाणी हळूहळू कुकीत उतरतं, तुमच्या मऊ पडतात त्या त्यामुळेच. गरम असताना डब्यात भरल्या तर आणखी लवकर. कच्च्याच भरून, ट्रेवर सुट्या गोठवून मग पिशवीत भरा. भाजताना वितळू न देता थेट ओव्हनमध्ये, २-३ मिनिटं जास्त. कडा आणि तळ बदामी झाले की काढा, जाळीवर पूर्ण निवू द्या.




मुरंबा:
ट्रेवर बेकिंग पेपर घालाच. एखादी उकललीच तर निदान घासत बसायला नको.