एकाच उताराचे चार दंड

उतारू: एकाच आठवड्यात वेगाच्या कॅमेऱ्याच्या चार नोटिसा. चारही त्याच उतारावरच्या, ताशी ४० किमीच्या हद्दीत ५२, ५१, ५३, ५२. चूक कबूल. पण पहिली नोटीस हातात पडली २१ दिवसांनी, तोवर उरलेल्या तीन चुका करून झाल्या होत्या. ती दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आली असती तर पुढच्या तीन झाल्या असत्या का? माझं म्हणणं एवढंच: पहिला दंड कळेपर्यंत त्याच जागेचा दुसरा लावू नये.

झेब्रा: नोटीस उशिरा आली, पण स्पीडोमीटर तर जागच्या जागी दाखवत होता ना? ‘दहा-बारानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब देतो. कोरडा रस्ता, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद. ५० नं येणारी गाडी २८ मीटरच्या आत थांबते. ६० ची गाडी त्याच ठिकाणी अजून ४० च्या वेगात असते. मी पायी फिरतो, त्यामुळे ते ‘ठिकाण’ बहुधा मीच असतो.

ब्रेकवाला: हिशेब बरोबर, पण लोक कॅमेऱ्यापुरते हळू होतात आणि तो मागे पडला की पुन्हा सुसाट. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून सरासरी काढली तर ही पळवाट बंद होते. (गंमत म्हणजे वेगाचा कॅमेरा ज्यानं आणला तो मॉरिस गात्सोनिडेस स्वतः रॅली ड्रायव्हर. १९५३ ची मॉन्टे कार्लो त्यानं जिंकली होती. यंत्र बनवलं ते वळणावर आपलाच वेग वाढवायला!)

हिशेबनीस: सगळ्यांना सारखी रक्कम, हा कुठला न्याय? एकाची आठवड्याची कमाई जाते, दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नावर ठरतो. ५० च्या हद्दीत ७५ नं मोटरसायकल चालवली म्हणून २००२ मध्ये नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला १,१६,००० युरो ठोठावले होते.

झेब्रा: आणि अपिलात ते बरेच कमी झाले, तेही सांगा. शिवाय तिथंही मर्यादेच्या वर २० पर्यंत ठरावीकच दंड असतो. उतारूंची केस त्यातलीच. तरी उत्पन्नाचा मुद्दा मला पटतो. कॅमेरा काढून टाका म्हणणं पटत नाही. हवालदार गाडी बघून सोडतो, ओळख निघाली की सोडतो. कॅमेऱ्याला कुणाचा मामा माहीत नसतो.

ब्रेकवाला: मामा माहीत नसतो, पण चुकतो तोही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २०१२ मध्ये सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला अतिवेगाची नोटीस गेली होती. दोन फोटोंत गाडी किती सरकली, हे माणसानं एकदा तपासलं असतं तर ती निघालीच नसती.

उतारू: कॅमेरा काढा असं मी म्हटलंच नाही. आणि हद्द ६० वरून ४० होते, ती पाटी झाडाआड आहे.

झेब्रा: फोटोत पाटी दिसते?

उतारू: नंबरप्लेट लख्ख. पाटीच्या जागी नुसती पानं.

झेब्रा: मग तोच फोटो अपिलाला जोडा की राव!