मदत हवी आहे: कापडी ताऱ्याची टोकं शिलाईत गडप होतात

नमस्कार मंडळी. धाग्याचं नाव बघून कोणी पत्रिका घेऊन आलं असेल तर माफी, तारा कापडाचा आहे.

नणंदेकडे जानेवारीत बाळ येणार, म्हणून तुकडे जोडून छोटी रजई करायला घेतली. सासूबाई गोधड्या हातानं शिवतात, साडीवर साडी आणि सरळ धावदोरा. चांगलं कापड कापून पुन्हा जोडायचं, हे त्यांना मुळातच पटलेलं नाही. त्यामुळे ब्लॉक (तुकड्यांचा एक जोडलेला चौकोन, असे अनेक मिळून रजई) बिघडला हे अजून घरात सांगितलेलं नाही.

ब्लॉक म्हणजे सॉटूथ स्टार, अमेरिकन रजयांमधला जुना प्रकार. शिवून कडेच्या दाबासकट (दाब म्हणजे शिलाईपलीकडे राहणारं कापड) साडेबारा इंच व्हायला हवा, म्हणजे रजईत बसल्यावर १२. मी कापलं ते असं: मधला चौकोन साडेसहा इंची, कोपऱ्यांचे चार चौकोन साडेतीनचे, चार आयत साडेतीन बाय साडेसहा, आणि टोकांसाठी साडेतीनचेच आठ चौकोन. तारा लाल बाग प्रिंटचा (मध्य प्रदेशातल्या बाग गावची ठशांची छपाई; कटपीस इंदूरच्या क्लॉथ मार्केटातला), मागची जमीन पांढऱ्या पॉपलिनची. आयताच्या दोन्ही बाजूंना एकेक लाल चौकोन ठेवून तिरपी शिलाई घातली, जादा कोपरा कापला, उलटवून इस्त्री केली.

आता रडगाणं. पांढऱ्या त्रिकोणाचं टोक मधल्या लाल चौकोनाला अलगद टेकायला हवं, ते चारही बाजूंना शिलाईत गेलंय. बाजू फुगल्यात, ब्लॉक टेबलावर सपाट बसत नाही. आणि तो भरतोय साडेअकरा! बाहेरच्या टोकांपुढे कापड जास्तीचं दिसलं म्हणून चारही बाजूंनी दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कातरलं होतं, तेवढंच. मशीन काळं, पायाचं, आईचं. फुटाची (सुईखाली कापड दाबणाऱ्या पट्टीची) कड धरून शिवते. कुठे चुकतंय?

सुईदोरा

ताई, आधी कात्री लांब ठेवा. ते कापड जास्तीचं नव्हतं! बाहेरचं टोक कडेपासून दोन सूत आत असतंच, ती पुढच्या शिलाईची जागा.

उरलेला हिशेब बघा. एका ओळीत साडेतीन, साडेसहा, साडेतीन, म्हणजे साडेतेरा. मध्ये दोन शिलाया. दाब दोन सूत (पाव इंच) असेल तर प्रत्येक शिलाई अर्धा इंच खाते आणि उरतात साडेबारा. तुमचा दाब तीन सूत पडला असणार. मग एकेक शिलाई पाऊण इंच खाणार, उरणार १२. त्यातून दोन्हीकडून दोन-दोन सूत कातरलं की साडेअकरा. तंतोतंत तुमचं माप. त्रिकोणाचं टोकही आयताच्या कडेपासून बरोबर दोन सूत आत असतं, तीन सूत दाबलं तर ते जाणारच.

फुटाच्या कडेवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फूट निराळा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडून बघा. दाब बरोबर असेल तर तिन्ही मिळून साडेतीन भरतील, मधली नेमकी एक इंच दिसेल.

मग मोजपट्टीची पाव इंचाची खूण सुईखाली येईल अशी पट्टी ठेवा, चाक हातानं फिरवून सुई खुणेवर टेकवा, आणि पट्टीच्या कडेला लागून मशीनच्या प्लेटवर जाड चिकटपट्टी लावा. कापड तिला घासत न्यायचं. दोन सुतांपेक्षा धाग्याच्या जाडीइतकं कमी घेतलं तर उत्तम, कारण घडीतही थोडं कापड जातं.

मालवी_मिरची

इंदूरकर दिसता! बाग प्रिंट धुतलं होतं का? नसेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. लाल उतरलं तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पॉपलिन गुलाबी. दोन्ही कापडं धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायची, दोन्हींचं आटणं सारखं नसतं.

फुगण्याबद्दल: तिरपी शिलाई उरेबावर (कापडाच्या ताणल्या जाणाऱ्या तिरप्या दिशेवर) पडते, इस्त्री पुढेमागे ओढली की ती ताणते. इस्त्री उचलायची, ठेवायची, उचलायची. वाफ नको. वरच्या-खालच्या ओळीचे दाब कोपऱ्यांकडे वळवा, मधल्या ओळीचे मधल्या चौकोनाकडे. ओळी जोडताना शिलाया एकमेकींत अडकून बसतात, टाचण्या कमी लागतात.

आजोळ

एवढी गणितं कशाला? हातानं शिवा. मी पेन्सिलीनं शिलाईची रेघ आखते आणि तिच्यावरून धावदोरा. टोक चुकायची सोय नाही. वेळ लागतो, पण जानेवारीला अवकाश आहे. बिघडलेला ब्लॉक टाकू नका, कडा थोड्या आत मुडपून मोठ्या कापडावर ठिगळासारखा टाका. उशीचा अभ्रा होईल.

धागाकर्ती

पट्ट्या जोडल्या. बरोबर तीन इंच भरल्या, मधली पाऊण! म्हणजे दाब तीन सूतच. सुईदोरा, तुमचे पाय कुठे आहेत?

बाग प्रिंट धुतलं नव्हतं. रुमाल लाल झाला. आता बादलीत आहे, तिसरं पाणी.

आणि सासूबाईंना कळलं. चिकटपट्टी बघून म्हणाल्या, "आम्ही बोटाच्या पेरानं मोजायचो." मग चष्मा लावून बिघडलेला ब्लॉक त्यांनीच अभ्र्यासाठी मागून घेतला. एक विचारायचं राहिलं: बाळाच्या रजईत पातळ कापूस भरावा की जुन्या मऊ साडीचे दोन थर पुरतील? इकडे जानेवारीत थंडी बरी असते.